सात जून ते एकोणीस मार्च

"बाबा, हे तुम्ही कधी लिहिलं?"

वैष्णवीचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर रेणुकादासांना एवढं चपापल्यासारखं झालं नसतं. सकाळचे साडेदहा वाजले होते. जेवणाच्या टेबलावर तपकिरी कागद पसरून ते एका जुन्या शब्दकोशाला कव्हर घालत होते आणि कागदाची घडी नखानं दाबताना कालपासूनचा एकच आकडा मनातल्या मनात घोळवत होते. एकशे ब्याऐंशी. उभ्या आयुष्यात त्यांचं लिहिलेलं एवढ्या माणसांनी कधी वाचलं नव्हतं. वैष्णवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून. तिनंही आता ते वाचलं, असं त्यांना वाटलं, आणि ते लाजून हसले. "रविवारी लिहिलं," ते म्हणाले. "एकशे ब्याऐंशी जणांना आवडलंय. कोण कुठले लोक, ओळख ना पाळख." तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढे, कव्हरच्या कागदावरच ठेवला आणि म्हणाली, "हे वाचा." हैदराबादच्या कंपनीचं पत्र होतं. रेणुकादास इंग्रजी आयुष्यभर वाचत आले तसंच सावकाश वाचत गेले. जून २०२१ ते मार्च २०२३ या काळात आपण स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करत होतो, असं तुम्ही कळवलं आहे. तुमच्या वडिलांनी जाहीरपणे लिहिलेल्या मजकुरातून वेगळंच दिसतं. तीन दिवसांत खुलासा करावा, तोवर नेमणूकपत्र थांबवण्यात येत आहे. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून, विचारलं, "पण मी तर मराठीत लिहिलं होतं. त्यांना कसं कळलं?" विचारता विचारताच आपण काहीतरी खुळ्यासारखं विचारतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. "खाली बटण असतंय, बाबा," ती म्हणाली. "दाबलं की इंग्रजी होतंय."

गेल्या उन्हाळ्यात तिनंच त्यांना त्या साइटवर आणलं होतं. नोकरी शोधायची साइट. पण तिथं नोकरीपेक्षा माणसंच जास्त भेटायची, आणि ती सगळी कायम आनंदात असायची. कुणाला काही कळवताना अत्यानंद व्हायचा, कुणाला नम्र अभिमान वाटायचा, कुणाला कामावरून काढलं तरी तो आधी कंपनीचे आभार मानायचा. रेणुकादास ते पेपर वाचावा तसं वरून खाली वाचत आणि आपल्यालाच काही कळत नसेल, असं समजून गप्प बसत. "तुम्ही नुसतं या, बाबा," वैष्णवी म्हणाली होती. "माझं काही दिसलं की अंगठा द्यायचा. जितके अंगठे, तितकी मी वर दिसते." तिनं त्यांचं नाव भरलं, पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला फोटो लावला आणि कामाच्या रकान्यात लिहिलं, ग्रंथपाल, निवृत्त. तेव्हापासून साइट त्यांनाही नोकऱ्या सुचवायची. एकदा तर दुबईतली. सहासष्टाव्या वर्षी आपल्याला दुबईला बोलावणं आलं म्हणून बापलेक पोट धरून हसले होते. चंद्रप्रभा, वैष्णवीची आई, गेल्यानंतर त्या घरात एवढं मोठ्यानं हसणं पहिल्यांदाच झालं असावं, कारण हसून झाल्यावर दोघांनीही आतल्या खोलीकडे पाहिलं होतं.

आणि गेल्या गुरुवारी हैदराबादहून तोंडी होकार आला. दीड वर्षाच्या शोधानंतर. पत्र सोमवारी येईल म्हणाले. तो आनंद कुठं ठेवावा हे रेणुकादासांना कळेना. मिठाई आणली, ती फ्रीजमध्ये राहिली. शेजाऱ्यांना सांगावं तर जिना उतरेपर्यंत धीर सुटला. त्यांना आनंद करायची एकच रीत येत होती. नांदेडच्या कॉलेजात बत्तीस वर्षं त्यांनी ग्रंथालय सांभाळलं, आणि त्या बत्तीस वर्षांत निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाचं मानपत्र त्यांनीच लिहिलं. समारंभाच्या चार दिवस आधी शिपाई यायचा, "सर, मानपत्र," म्हणायचा, आणि ते मान हलवायचे. वाचायचं कुणीतरी दुसरंच, भारदस्त आवाजाचं. रेणुकादास शेवटच्या रांगेमागे, पडद्यापाशी उभं राहून आपली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे. त्यांची मानपत्रं तारखांनी भरलेली असत. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हे शब्द कुणालाही चिकटतात. तारीख मात्र ज्याची त्याचीच असते, असं त्यांना वाटायचं. स्वतःच्या निवृत्तीला प्राचार्य म्हणाले होते, "तुमचं आता कोण लिहिणार? तुम्हीच टाका लिहून." त्यांनी अर्धं पान लिहिलं. हार आणायला गेलेला माणूस परत यायच्या आत ते वाचून झालं होतं.

तर रविवारी दुपारी ते मुलीचं मानपत्र लिहायला बसले. 'चि. वैष्णवीस. दि. ७ जून २०२१ रोजी तू पुण्याची नोकरी सोडून लातूरला आलीस. दि. १९ मार्च २०२३ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तुझी आई गेली. या सहाशे एक्कावन्न दिवसांत तू तिला एकदाही ओल्या अंथरुणात राहू दिलं नाहीस.' असं सुरू झालेलं ते पुढे दीड पान गेलं. नांदेडच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या होत्या त्यात. अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबायची तेव्हा इतर लोक चहाला उतरत, आणि ही आईचे पाय चोळत बसायची, ते होतं. पाठीला एकही जखम झाली नाही म्हणून डॉक्टरांनी परिचारिकांना बोलावून ती पाठ दाखवली होती, तेही होतं. लिहून झाल्यावर त्यांना वाटलं, आपल्या हातून आजवर झालेलं हे सगळ्यात चांगलं मानपत्र. हे वाचून दाखवायला कुणी भारदस्त आवाजाचा माणूस नको होता. एक बटण होतं.

"तुझ्या पानावर खरंच तसं आहे?" आता त्यांनी विचारलं. "सल्लागार म्हणून?"

"हाव." तिच्या आईसारखंच, तुटक. "माझ्या मैत्रिणीच्या, पुनमच्या कंपनीचं एक ॲप तपासून दिलं होतं ना मी. आईच्या कॉटपाशी बसून. अकरा दिवस."

"अन् बाकीचे दिवस?"

"बाकीचे ताणले."

रेणुकादास लॅपटॉपकडे पाहत राहिले. तिचं पान त्यांनी कित्येकदा उघडलं होतं. पण अंगठा द्यायचा तेवढा देऊन बंद केलं होतं. बत्तीस वर्षं लोकांना सांगत आलेला माणूस, की अनुक्रमणिका आधी बघावी. "खरं लिहायचं ना, बाळ," ते हळूच म्हणाले. "आई आजारी होती, यात लपवायचं काय होतं?"

"लिहिलं होतं, बाबा. पहिले सात महिने खरंच लिहिलं होतं. रकाना पण असतो तसा तिथं, घरच्यांसाठी घेतलेला विराम म्हणून. एकशे चाळीस अर्ज केले. चार फोन आले. चौघांनीही आधी तेच विचारलं. आता घरात कोणी आजारी नाही ना? वडील असतात का? काय वय त्यांचं? तब्येत कशी असते?" तिला ते बोलायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "मग मी ते काढलं अन् सल्लागार टाकलं. त्याच आठवड्यात तीन फोन."

स्वतःचं वय एवढं जड असू शकतं, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. कुठल्याशा शहरात कुणीतरी खुर्चीत बसून रेणुकादासांचं वय विचारलं होतं, आणि इथं लातुरात ते पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. "मग सोडून दे ती साइट," ते म्हणाले. "एवढं खोटं वागावं लागत असेल तर सोड."

"सोडते की. अन् काय करू? क्लासच्या पोरांचे मार्क भरत बसू जन्मभर?" सध्या ती सकाळच्या वेळी एका खाजगी क्लासमध्ये तेच करत होती. "मला काय हौस आहे का हो, रोज उठून अनोळखी माणसाच्या बढतीला टाळ्या वाजवायची? दात घासल्यासारखं उरकते मी ते. चव बघत नाही. पण मी इथं लातुरात आहे, मला अमुक काम येतं, हे हैदराबादच्या माणसाला कळायला दुसरा रस्ता कोणता? तुम्ही सांगा. मी त्या रस्त्यानं जाते."

रेणुकादास कागदाची तीच घडी पुन्हा नखानं दाबत राहिले. ती त्यांच्या उत्तरासाठी खरंच थांबली होती. मग तिनं त्यांचा फोन मागितला, रविवारचा मजकूर उघडला आणि म्हणाली, "काढते. त्यांनी फोटो काढून ठेवला असणारच. पण आणखी कुणी बघायला नको." नक्की काढायचं का, असं साइटनं एकदा विचारलं. तिनं अंगठा ठेवला. पान रिकामं झालं, एकशे ब्याऐंशीही गेले, आणि रेणुकादासांना अचानक आठवलं, की आपण त्याचा कच्चा खर्डा ठेवलेला नाही. सरळ फोनवरच लिहिलं होतं. तिला ते म्हणाले नाहीत. ती चपला घालून क्लासला गेली.

एकटे राहिल्यावर त्यांना अमृतराव आठवले. चंद्रप्रभेचे मामा, बिलोलीचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि नांदेडच्या कॉलेजच्या संस्थेतल्या लोकांत उठबस. चौऱ्याऐंशी साली ग्रंथपालाच्या मुलाखतीला जाताना त्यांनी एक चिठ्ठी दिली होती. 'एवढी साहेबांच्या हातात दे. काही बोलायची गरज न्हाई.' रेणुकादासांनी ती वरच्या खिशात ठेवली. मुलाखतीच्या खोलीत पाच माणसं होती, पंखा बंद होता, आणि हात खिशाकडे गेला तरी चिठ्ठी काढायची लाज वाटली. त्यांनी ती दिलीच नाही. घरी आल्यावर पाहिलं तर घामानं शाई फुटून अक्षर गेलं होतं. आणि तरी नोकरी मिळाली. पुढची अकरा वर्षं त्या न दिलेल्या चिठ्ठीवर ते मान ताठ ठेवून चालले. ग्रंथालयाचं कुलूप उघडताना कधीकधी मनाशी म्हणायचे, ही किल्ली आपली आहे. मग बिलोलीला एका लग्नाच्या पंगतीत अमृतराव मठ्ठा वाढता वाढता हसत म्हणाले, "अरे चिठ्ठी तुला धीर यावा म्हणून दिली होती. मी आदल्या दिवशीच जाऊन बोलून आलतो की." पंगतीतले लोकही हसले. रेणुकादासही हसले. परतीच्या बसमध्ये त्यांनी चंद्रप्रभेला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तुम्ही खुश होता. कशाला सांगायचं?" तेव्हापासून एखादा दुर्मिळ ग्रंथ दोन मिनिटांत काढून दिला आणि कुणी वा म्हणालं, तरी त्यांना वाटायचं, हे दुसऱ्या कुणाचं तरी कौतुक आहे, तो दुसरा माणूस मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिला असेल. त्याला मामा नव्हता. वैष्णवीलाही मामा नाही. तिच्यासाठी आदल्या दिवशी जाऊन बोलून येईल असं कुणी नाही. म्हणून ती रोज सकाळी अनोळखी लोकांना मामा करत बसते, आणि त्यात काही वाईट असलंच तर ते तिचं नाही. एवढं त्यांना कळलं. पण कळून उपयोग काय? तिच्यासाठी एकदाच बोलायची वेळ आली, आणि ते बोलून आले ते असं.

दुपारी ते आतल्या खोलीच्या दारात उभे राहिले. कॉट कधीच देऊन टाकली होती. या दारातच त्यांची सहाशे एक्कावन्न दिवस उभं राहायची जागा होती. मानपत्रात सगळ्या तारखा होत्या, एक गोष्ट मात्र नव्हती. त्यांनी वैष्णवीला बोलावलं नव्हतं, हे खरं. त्यांनी फक्त फोन केला होता. 'आई पडली,' म्हणाले, आणि पुढे शब्दच निघेना. नुसता फोन धरून उभे राहिले. पलीकडून ती म्हणाली, 'बाबा, मी येते.' न बोलण्यानंही माणसाला बोलावता येतं, हे त्यांना तेव्हाही ठाऊक असावं. पहिल्याच आठवड्यात आईला पुसून घेताना ती म्हणाली होती, 'बाबा, तुम्ही जरा बाहेर थांबा, आईला संकोच वाटतोय.' तो 'जरा' त्यांनी पुढची दोन वर्षं पाळला. मनातल्या मनात त्या वाक्याचे आभार मानून पाळला. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोचं अंग पुसायची, भांडं द्यायची त्यांना भीती वाटत होती. किळस नव्हे, असं ते स्वतःला सांगत, पण खात्री नव्हती. ते दारात पुस्तक घेऊन उभे राहत, मोठ्यानं वाचून दाखवत. चंद्रप्रभेची वाचा गेलेली. ती त्यांच्याकडे पाहत राही. आपल्या वाचण्यानं तिला बरं वाटतंय, असं ते धरून चालले होते. कदाचित तिला म्हणायचं असेल, पुस्तक ठेवा आणि इकडं या.

दुसऱ्या दिवशी गौरम्मा आली. उदगीरकडची, पन्नाशीची, चंद्रप्रभेला उचलायला म्हणून लागली, आता वरच्या कामाला येत होती. तिनं आल्या आल्या भांड्यावरचं झाकण काढलं. "काय वो सर, ताई काल जेवल्या न्हाईत? भाजी तशीच हाय."

"तिचं नोकरीचं अडलंय."

"कुनी अडीवलं?"

"मीच."

"तुमी?" गौरम्मा हसली. "तुमी मुंगीला सुदिक वाट सोडता. निसतं पुस्तकाला कवर घालता."

त्यांनी तिला सांगितलं, तिला कळेल अशा बेतानं. तिनं घासणी हातात धरून ऐकलं. "म्हंजे, आईचं केलं म्हनून नोकरी न्हाई?"

"तसंच."

"अन् टाकून बसली असती पुण्यात, तर दिली असती?"

"हो."

"लई शानी मानसं हैत, बया." तिनं नळ सोडला. "मग सांगून टाका की, पोरीनं न्हाई, म्हाताऱ्यानं केलं म्हनून. म्हाताऱ्याला तर कुनी नोकरी द्यायलंय न्हाई!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती पाण्याच्या आवाजापेक्षा मोठ्यानं हसली.

रेणुकादास हसले नाहीत. ते टेबलापाशी येऊन बसले. वैष्णवी क्लासला गेली होती, यायला दोन तास होते. पुस्तकात चूक राहिली की ते शुद्धिपत्र टाइप करून पहिल्या पानाला चिकटवायचे. कुणाचं चुकलं हे त्यात लिहायचं नसतं. त्याच भाषेत त्यांनी लिहिलं. 'रविवारी मी लिहिलेल्या मजकुरात गंभीर चूक झाली होती. मुलीवरील मायेपोटी मी माझे काम तिच्या नावावर लिहिले. दि. ७ जून २०२१ ते दि. १९ मार्च २०२३ या काळात पत्नीची शुश्रूषा मी केली. मुलगी त्याच घरात आपले काम करीत होती. चुकीबद्दल दिलगीर आहे.' 'मी केली' या दोन शब्दांपाशी बोट थांबलं. खोटं बोलायची भीती त्यांना नेहमीच वाटायची, पण ही तसली नव्हती. दुसऱ्याच्या ताटावर बसल्यासारखं वाटत होतं. एकदा त्यांना वाटलं, तिला विचारावं. मग वाटलं, विचारलं तर ती नको म्हणेल, आणि ती नको म्हणाली तर आपल्याला बरं वाटेल. त्या बरं वाटण्याचीच त्यांना लाज वाटली. त्यांनी बटण दाबलं. खाली आपला फोन नंबरही लिहिला होता, खुलाशासाठी.

तासाभरात दोनशे अंगठे झाले. अडीचशे. मुलीनं केलं म्हणून लिहिलं तेव्हा दोन दिवसांत एकशे ब्याऐंशी होते. आता लोक लिहीतही होते. 'सलाम, सर.' 'असे पुरुष आज दुर्मिळ.' 'काकू भाग्यवान.' बडोद्याच्या कुणा बाईनं लिहिलं होतं, की हे वाचून ती कामाच्या ठिकाणी रडली. रेणुकादासांनी फोन पालथा घातला, आणि तो तसाच पालथा वाजायला लागला.

"नमस्कार काका. मी तनुजा, पुण्याहून बोलतेय. हैदराबादच्या कंपनीसाठी वैष्णवीच्या व्हेरिफिकेशनचं काम माझ्याकडे आहे. दोन मिनिटं आहेत ना?" आवाज कोवळा होता, घाईतला, पण वाईट नव्हता. "काका, तुमच्या दोन पोस्टमध्ये फरक आहे, म्हणून नियमाप्रमाणे विचारावं लागतं. रागावू नका हं. काकूंना काय झालं होतं?"

"पक्षाघात," रेणुकादास म्हणाले. "डावी बाजू पूर्ण गेली होती. वाचाही."

"आणि सगळं तुम्हीच बघत होता? बाई वगैरे?"

"उचलायला एक बाई यायची. बाकी मीच." आतून भांड्यांचा आवाज थांबला. त्यांना वाटलं, आता आपल्याला काही सुचणार नाही. पण डोळ्यांसमोर ती खोली उभी राहिली आणि ते बोलत गेले. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, ते म्हणाले. बदलताना आधी डाव्या हाताखाली उशी घ्यायची, नाहीतर खांदा निखळतो. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, सुरकुतीनंच जखम होते. पेज फार पातळ केली की ठसका लागतो. चमचा तोंडाच्या चांगल्या बाजूनं द्यायचा आणि गिळलं का हे गळ्यावर बोट ठेवून बघायचं. केस धुताना डोक्याखाली प्लास्टिकचा कागद पन्हाळीसारखा दुमडायचा. डाव्या हाताची बोटं मिटून घट्ट होतात, त्यांच्यात रुमालाची गुंडाळी द्यायची, आणि रोज एकेक बोट उघडायचं, हळू, कारण तिला दुखतं पण सांगता येत नाही. आपल्याला हे सगळं इतकं बारीक ठाऊक आहे, याचं त्यांना बोलताना आश्चर्य वाटत होतं. काही काही क्षण तर त्यांना ते खरंच केल्यासारखं वाटलं. हाताला चंद्रप्रभेच्या बोटांचा थंडपणा लागला.

मग तनुजा म्हणाली, "माझ्या बाबांना चहासुद्धा करता येत नाही, काका." नाक ओढल्याचा आवाज आला. "आणि वैष्णवी तेव्हा काय करायची?"

"ती दारात असायची," रेणुकादास म्हणाले. "पुस्तक घेऊन." आणि मग, घाईनं, "म्हणजे लॅपटॉप घेऊन. कामाचा. आत यायची नाही फारशी."

"ठीक आहे, काका. माझ्याकडून झालं. मी क्लिअर करते. उद्यापर्यंत लेटर येईल तिला." ती जरा घुटमळली. "शेवटपर्यंत तुम्ही त्यांच्याजवळ होता. किती बरं वाटलं असेल त्यांना."

त्यांनी फोन खाली ठेवला. गौरम्मा स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ओले हात पदराला पुसत. पण ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती त्यांच्या मागे, बाहेरच्या दाराकडे पाहत होती. रेणुकादासांनी वळून पाहिलं. वैष्णवी उभी होती. एक चप्पल पायात, एक हातात. क्लास लवकर सुटला असावा. किती वेळ उभी होती, हे विचारायची गरज नव्हती.

"पत्र येईल म्हणाल्या," ते म्हणाले. "उद्या."

तिनं मान हलवली. हातातली चप्पल खाली ठेवली, दुसरी काढली, दोन्ही नीट जुळवून लावल्या. मग म्हणाली, "उजवी, बाबा."

"काय?"

"आईची उजवी बाजू गेली होती. डावी नाही." आवाजात राग नव्हता, मुलांच्या वहीतली चूक दाखवावी तसं ती सांगत होती. "तुम्ही समोरून बघायचात ना. दारातून. म्हणून तुम्हाला ती डावीकडं दिसायची."

दोन वर्षं, रोज. रेणुकादासांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले होते आणि ते त्यांच्याकडेच पाहत होते, त्यातला डावा कुठला हे ठरत नसल्यासारखं. "मी फोन करून सांगतो त्यांना," ते पुटपुटले. "दुरुस्ती..."

"काही सांगू नका. कुणाला कळायलंय?" ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. तिचा खांदा त्यांच्या खांद्याला लागला, आणि तिनं तो बाजूला घेतला नाही. तिनं आपला फोन काढला, त्यांचं शुद्धिपत्र उघडलं आणि खालची नावं सरकवत राहिली. तीनशे दहा. "मला पण लिहावं लागेल इथं," ती म्हणाली. "सगळ्यांनी लिहिलंय, अन् पोरीनंच नाही लिहिलं तर विचारतील."

"नको, वैषू."

"लागतंय, बाबा."

ती लिहीत होती तेव्हा ते दुसरीकडे पाहत राहिले. तिला वेळ लागला. एकदा तिनं सगळं खोडलं, पुन्हा लिहिलं. मग उठली, गौरम्माच्या हातून भाजीचं भांडं घेतलं, चव घेऊन म्हणाली, "मीठ कमी पडलंय गं," आणि आत गेली. टेबलावर त्यांचा फोन थरथरला. त्यांनी चष्मा लावला. सगळ्यात वर तिचं नाव होतं, फोटोत ती हसत होती, आणि खाली लिहिलं होतं: 'थँक्यू बाबा. माझं काम चालू राहावं म्हणून तुम्ही एकट्यानं आईचं सगळं केलंत. मी तेव्हा आत यायला हवं होतं. ते मला जन्मभर लागून राहील.' त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती.